नाशिकला राहून ऑनलाइन सेमिनरी करायची असेल तर

नाताळाची धामधूम संपली की शरणपूर, नाशिकरोड, देवळाली कॅम्प, कधी मनमाड-इगतपुरीकडूनही तरुण मुलंमुली एकच विचारत येतात : "ताई, नोकरी न सोडता सेमिनरी करता येते का हो?" येते. (सेमिनरी म्हणजे चर्चच्या सेवेसाठी शिकवणारं बायबल कॉलेज.) मी नाशिकरोडला राहून, नोकरी सांभाळून केली, आणि आता दरवर्षी काही जणांना शेजारी बसवून त्यांचे फॉर्म भरून घेते. जे वारंवार सांगावं लागतं ते इथे एकत्र लिहिलं आहे. ज्यांच्या घराण्यात कुणी बायबल कॉलेजची पायरी चढलेलं नाही त्यांच्यासाठी मुख्यतः. पाळकांच्या घरातली मुलं म्हणतील, हे आम्हाला माहीत आहे. पण फसवणारी सर्टिफिकेटं त्यांच्याही घरात फ्रेम करून लावलेली मी पाहिली आहेत.

आधी ठरवा : हा कागद कुणाला दाखवायचा?

कॉलेज शोधण्याआधी हे ठरवा. कारण उत्तर बदललं की कॉलेज बदलतं.

दीक्षा घेऊन पाळक व्हायचं असेल तर ऑनलाइन पदवी हातात घेऊन बिशपसाहेबांकडे गेल्याने काम होत नाही. सीएनआय, म्हणजे २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात स्थापन झालेली उत्तर भारताची मंडळी, तिच्यात उमेदवारी स्थानिक मंडळीतून सुरू होते. पाळक तुम्हाला ओळखतात का, पास्टोरेट कमिटी (मंडळीची कारभार समिती) तुमचं नाव पुढे करते का, डायोसिस, म्हणजे धर्मप्रांत, तुम्हाला पाठवायला तयार आहे का, हे आधी. अभ्यासाला कुठे जायचं हे डायोसिस सांगतं, आणि ते बहुतेक वेळा श्रीरामपूर सिनेटशी (तिच्याबद्दल पुढे सांगते) संलग्न निवासी कॉलेज असतं. पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी (पूर्वीची यवतमाळची, १९८३ पासून बिबवेवाडीत) आपल्याला सगळ्यात जवळची. मग ऑनलाइन शिकू नये का? शिकावं, पण पाळकसाहेबांना आणि डायोसिसला विचारून, की हे श्रेयांक (क्रेडिट) धरले जातील का. उत्तर लेखी मिळालं तर उत्तम.

रोमन कॅथलिक असाल तर प्रश्न लवकर सुटतो. धर्मगुरू होण्यासाठी चर्चच्या कायद्याप्रमाणे निदान चार वर्षं प्रत्यक्ष सेमिनरीत राहावं लागतं, आणि तत्त्वज्ञान व ईश्वरविज्ञान मिळून सहा वर्षांचा अभ्यास असतो. ऑनलाइन अभ्यासक्रम तिथे प्रापंचिकांसाठी आहेत : धर्मशिक्षण देणारे, कुटुंब-समुपदेशन करणारे, शाळेत शिकवणारे. नाशिक धर्मप्रांत १९८७ मध्ये पुण्यापासून वेगळा झाला, पण शिकण्यासाठी नजर अजूनही पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठाकडेच जाते.

स्वतंत्र आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत दीक्षेचा निर्णय मंडळीच करते, त्यामुळे तिथे मोकळीक जास्त आहे. आणि बहुतेक जण ज्यात मोडतात तो गट म्हणजे शब्बाथ शाळेचे (रविवारी मुलांना बायबल शिकवणारे) शिक्षक, बायबल अभ्यास घेणाऱ्या मावश्या, तरुण संघाचे पुढारी. त्यांना दीक्षा नको असते, नीट शिकायचं असतं. ऑनलाइन सेमिनरी खरी त्यांच्यासाठीच आहे. सरकारी नोकरीत बढतीसाठी पदवी हवी असेल मात्र हा मार्ग सोडा आणि गंगापूर धरणाच्या रस्त्याला लागा. तिथे मुक्त विद्यापीठ आहे.

मान्यता कुणाची?

भारतात पदवी देण्याचा अधिकार कायद्याने विद्यापीठांनाच आहे. बहुतेक सेमिनऱ्या विद्यापीठं नाहीत, म्हणून त्यांच्या पदव्यांना यूजीसीची मोहोर नसते. यात लपवाछपवी नाही. चर्चच्या जगात दुसऱ्या मान्यता चालतात आणि त्या ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली श्रीरामपूर सिनेटची. हे नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, बंगालमधलं. (माझ्याकडे एक काका "श्रीरामपूरला एसटीने जाऊन चौकशी करून येतो" म्हणून निघाले होते.) विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी १८१८ मध्ये ते कॉलेज काढलं. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून पदव्या देण्याची सनद १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने दिली, आणि १९१८ च्या बंगालच्या कायद्याने ती व्यवस्था पक्की झाली. याच केरींनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण तिथे छापलं होतं, म्हणजे आपलं नातं जुनंच. सिनेटच्या बी.डी., एम.टीएच. या पदव्या संलग्न कॉलेजांत राहून करायच्या. घरी राहून शिकणाऱ्यांसाठी 'स्केप्टर' हा त्यांचा बहिःस्थ विभाग आहे. ख्रिस्ती अभ्यासातला डिप्लोमा, पदवी (बी.सी.एस.) आणि पदव्युत्तर पदवी (एम.सी.एस.) त्याच्याकडून करता येते. मुख्य प्रवाहातल्या चर्चमध्ये या कागदाला मान आहे आणि खर्च परदेशी कॉलेजाच्या जवळपासही जात नाही. प्रापंचिकांना मी बहुधा इथूनच सुरुवात करायला सांगते.

दुसरी मान्यता आशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची, म्हणजे एटीएची. १९७० पासूनची ही संस्था इव्हँजेलिकल सेमिनऱ्यांना तपासून मान्यता देते. अनेक ऑनलाइन अभ्यासक्रम तिच्या छत्राखाली आहेत. बंगळुरूची टॅफ्टी ही संस्था तर 'घरी अभ्यास, आठवड्याला स्थानिक गटात चर्चा' या पद्धतीने इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधीपासून शिकवते आहे. आपल्याकडे असा गट जमवता आला तर नुसत्या स्क्रीनपेक्षा मला तो जास्त आवडेल.

तिसरी परदेशी. अमेरिकेतल्या सेमिनरीची मान्यता एटीएस, एबीएचई, ट्रॅक्स किंवा डीईएसी यांपैकी कुणाची आहे का ते पाहा. ही नावं सीएचईए या संस्थेच्या यादीत सापडतात आणि ती यादी कुणालाही फुकट बघता येते. सेमिनरीच्या पानावर 'फुल्ली अ‍ॅक्रेडिटेड' लिहिलेलं पुरेसं नाही. मान्यता देणाऱ्या संस्थेचं नाव उचला आणि त्या यादीत शोधा. कारण मान्यता विकणारी दुकानंही आहेत, आणि ती भारदस्त नावं धारण करतात.

दुकान ओळखायला फार अक्कल लागत नाही. प्राध्यापकांची नावं आणि त्यांनी कुठे शिकलं ते दिलेलं नसतं. 'तुमच्या सेवेच्या अनुभवाला' सरसकट श्रेयांक मिळतात. महिन्याभरात पदवी देतो म्हणतात. आणि फोनवर बोलणारे गृहस्थ तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला "ब्रदर, प्रार्थना करा आणि निर्णय घ्या" असं म्हणतात. मानद डॉक्टरेटचा तर आपल्याकडे सुळसुळाट झाला आहे. हॉल भाड्याने घेऊन, झगे वाटून, एका दुपारी रांगेने 'डॉक्टर' करतात. अशा कागदावर नावाआधी 'डॉ.' लावणाऱ्यांबद्दल माझं मत काय आहे ते छापण्याजोगं नाही.

पात्रता, आणि इंग्रजीचं भूत

बी.टीएच. किंवा त्या पातळीच्या अभ्यासक्रमाला बारावी, एम.डिव्ह. किंवा एम.ए.ला पदवी, असा ढोबळ नियम आहे. बारावी राहिली असेल तर एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) ती करून घ्या. मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी करून थेट बी.ए. झालेले बरेच जण आपल्याकडे आहेत. त्यांची पदवी खरी, पण बारावीची गुणपत्रिका नसते आणि काही परदेशी सेमिनऱ्या ती मागतात. शिवाय आपली तीन वर्षांची पदवी काही ठिकाणी त्यांच्या चार वर्षांच्या पदवीइतकी धरत नाहीत आणि जास्तीचे विषय करायला लावतात. हे दोन्ही प्रश्न फी भरण्याआधी ई-मेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

इंग्रजीबद्दल खरं सांगायचं तर, बोलता न येणं ही अडचण नाही, वाचता न येणं ही आहे. आठवड्याला शंभर-दीडशे पानं वाचायची असतात आणि ती पानं वर्तमानपत्राच्या इंग्रजीतली नसतात. सेमिनरीच्या एखाद्या विषयाची पुस्तकयादी मागवा, त्यातल्या एका पुस्तकाचं पहिलं प्रकरण वाचून बघा. तासाला आठ-दहा पानं समजून वाचता येत असतील तर निभावेल. त्याहून कमी असेल तर सहा महिने रोज वाचनाची सवय करा, किंवा प्रादेशिक भाषेतला अभ्यासक्रम घ्या. टोफेल किंवा डुओलिंगोची परीक्षा अनेक परदेशी सेमिनऱ्या मागतात; इंग्रजी माध्यमातून पदवी झाली असेल तर कॉलेजकडून तसं पत्र आणल्यावर काही ठिकाणी सूट मिळते.

कागदपत्रं

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, आणि तो देवाच्या राज्यापेक्षा आडनावांमुळे जातो.

दहावीच्या गुणपत्रिकेवर आपलं नाव आडनावापासून सुरू होतं. समजा, गायकवाड रूथ दानिएल. परदेशी फॉर्ममध्ये तीन चौकटी असतात : पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. मुलगी गुणपत्रिका समोर धरून भरते, तेव्हा पहिल्या चौकटीत 'गायकवाड' जातं आणि आडनाव होतं 'दानिएल'. मग सेमिनरीकडून पत्रं येतात, 'प्रिय गायकवाड'. इथपर्यंत हसण्यावारी नेता येतं. पण ट्रान्सक्रिप्टवर (सगळ्या वर्षांच्या विषय-गुणांचा विद्यापीठाचा एकत्र दाखला) रूथ गायकवाड, अर्जावर गायकवाड दानिएल, आणि आधारवर लग्नानंतरचं रूथ साळवे, असं झालं की अर्ज 'अपूर्ण' म्हणून पडून राहतो. उपाय एकच : पासपोर्टवर जसं आहे तसंच सगळीकडे. पासपोर्ट नसेल तर आधी काढून घ्या. साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्राची प्रत जोडा, स्पेलिंगच वेगळं असेल तर राजपत्रात बदल करून घ्यावा लागेल.

गुणपत्रिका आणि ट्रान्सक्रिप्ट या दोन वेगळ्या गोष्टी. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठ स्वतः देतं, आणि परदेशी सेमिनरीला ते बहुधा बंद लखोट्यात किंवा विद्यापीठाच्या अधिकृत ई-मेलवरून हवं असतं. पुणे विद्यापीठ असो की मुक्त विद्यापीठ, अर्ज आजच टाका. आठवडे लागतात, आणि तेवढ्यात दिवाळीची सुट्टी आली की संपलंच.

बाप्तिस्म्याचा दाखला मागितला तर मंडळीच्या नोंदवहीतून काढून घ्यावा लागतो. जुन्या वह्या मराठीत आहेत, जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळेलच असं नाही. वही धुंडाळणाऱ्या माणसाला रविवारी उपासनेनंतर घाईत गाठू नका, मधल्या वारी जा.

शिफारस, साक्ष आणि विश्वासाचं निवेदन

शिफारसपत्र पाळकांनी लिहायचं असतं आणि ते गोपनीय असतं. व्यवहारात काय होतं? सेमिनरी पाळकांच्या ई-मेलवर लिंक पाठवते, तो ई-मेल त्यांच्या मुलाने कधीतरी उघडून दिलेला असतो, आणि पासवर्ड मुलाबरोबर पुण्याला गेलेला असतो. म्हणून आधी भेटा. "पाळकसाहेब, तुमच्या मेलवर एक लिंक येईल, पंधरा दिवसांची मुदत आहे, मी शनिवारी लॅपटॉप घेऊन येऊ का?" असं सरळ विचारा. पान उघडून द्या, मग बाहेर व्हरांड्यात जाऊन बसा. "तूच लिही रे, मी सही करतो" असं ते म्हणतील. नम्रपणे नाही म्हणा. तुमच्याच इंग्रजीतल्या दोन्ही मजकुरांवरून निवड समितीला ते लगेच कळतं.

साक्षीच्या निबंधाबद्दल थोडं जास्त बोलते. आपल्या सभांमध्ये साक्ष देण्याचा एक ठराविक साचा आहे : आजारपण, प्रार्थना, बरं होणं, हालेलुया. ती सभेत शोभते. पण सेमिनरी विचारते की तुमचं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, कसं ओळखलं, आणि आता काय शिकायचं आहे. 'मी लहानपणापासून देवाच्या भयात वाढलो' हे वाक्य त्यांच्याकडे ढिगाने येतं. त्याऐवजी असं लिहा : 'मी देवळालीगावात नववी-दहावीच्या मुलांची शब्बाथ शाळा घेतो. ईयोबाचा धडा चालू असताना एका मुलीने विचारलं की ईयोबाला नवी मुलं मिळाली, पण आधीची मेली त्यांचं काय. मला उत्तर देता आलं नाही. जुना करार मला त्या प्रश्नासाठी शिकायचा आहे.' तुमच्याकडे असा काही प्रसंग असेलच. आठवला नाही तर अर्ज महिनाभर थांबवा.

विश्वासाचं निवेदन, म्हणजे सेमिनरी काय मानते त्याची यादी, ही मात्र डोळे झाकून टिचकी मारण्याची गोष्ट नाही. सीएनआयमध्ये आपण बाळांना बाप्तिस्मा देतो. बाप्टिस्ट परंपरेतल्या सेमिनरीच्या निवेदनात लिहिलेलं असतं की बाप्तिस्मा फक्त विश्वास कबूल करणाऱ्याचा, आणि तोही बुडवून. तुम्ही 'मान्य' केलंत तर तुमच्या स्वतःच्या बाप्तिस्म्याचं काय झालं? काही सेमिनऱ्या 'अमुक मुद्दा सोडून मान्य' असं लिहू देतात; विचारा. बहिणींनी आणखी एक बघावं. सीएनआयमध्ये स्त्रियांना दीक्षा मिळते. काही परदेशी सेमिनऱ्यांना ते मंजूर नाही, आणि त्यांच्या काही पदव्यांना स्त्रियांना प्रवेशच नसतो. ही बाब माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर कधी नसते.

पैसे

परदेशी फी श्रेयांकावर असते. समजा श्रेयांकाला ३०० डॉलर आणि ३६ श्रेयांकांची एम.ए. म्हणजे १०,८०० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तरी नऊ लाखांच्या वर गेले. म्हणून विकसनशील देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा दर किंवा फीमाफी आहे का हा प्रश्न पहिल्याच ई-मेलमध्ये विचारा. लाजायचं कारण नाही, बऱ्याच ठिकाणी असतो आणि न विचारणाऱ्याला कुणी सांगत नाही. पूर्ण मोफत अभ्यासक्रमही आहेत. ज्ञान खरं असतं, कागदाची किंमत मात्र वर सांगितल्याप्रमाणे तपासा.

डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात (२०२० पासूनचा रिझर्व्ह बँकेचा नियम). बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करा, मर्यादा ठरवा, फी गेली की परत बंद करा. मोठी रक्कम बँकेतून पाठवली तर वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस (बँक आधीच कापून घेते तो कर) कापला जात नाही.

आणि एक सल्ला कडक शब्दांत : 'शिष्यवृत्तीचे पैसे तुमच्या चर्चच्या खात्यात पाठवतो' असं कुणी परदेशातून म्हणालं तर नको म्हणा. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी नसलेल्या ट्रस्टला परदेशी देणगी घेता येत नाही, आणि नोंदणी असली तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. तुमच्या सेमिस्टरसाठी मंडळीला नोटीस यायला नको. फीमाफी घ्या, पैसा हलूच देऊ नका.

घड्याळ आणि पंचांग

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ७ ला तास असेल तर आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात, आणि हिवाळ्यात साडेपाच. त्यांची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सरकतात; आपली सरकत नाहीत, त्यामुळे त्या आठवड्यात निम्मे भारतीय विद्यार्थी चुकीच्या वेळी हजर होतात. दुसरीकडे फायदाही आहे. रविवारी रात्री ११:५९ ची मुदत म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळी ९:२९, हिवाळ्यात १०:२९. रविवारची उपासना, संडे स्कूल, दुपारची झोप हे सगळं उरकून रात्री निबंध पुरा करता येतो.

वर्षाचं गणित नाशिकच्या हिशोबाने मांडा. त्यांच्या परीक्षा डिसेंबरच्या मध्याला, म्हणजे ऐन कॅरलच्या फेऱ्यांत. तरुण संघाला आधीच सांगून ठेवा की यंदा गिटार दुसऱ्याने वाजवावी. निफाड-दिंडोरीकडची द्राक्षाची बाग असेल तर ऑक्टोबर छाटणी पहिल्या सत्रात येते आणि खुडा दुसऱ्यात. अशांनी सत्राला एकच विषय घ्यावा आणि उन्हाळी सत्रात भरून काढावं. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत आणि अमेरिकेतलं सत्रही ऑगस्टअखेरच सुरू होतं. त्या काळात परीक्षेसाठी किंवा कागदासाठी शहरभर फिरावं लागेल असं काही ठेवू नका.

कॅमेऱ्यासमोरची परीक्षा असेल तर राउटरला छोटा यूपीएस लावा आणि मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा. महावितरणचा देखभालीचा वार कोणता ते तुम्हाला माहीतच आहे.

अभ्यास : जिथे मराठी माणूस पुढे असतो

ग्रीक-हिब्रूचं नाव काढलं की सगळे घाबरतात. खरं तर इथेच आपली गाडी अमेरिकन वर्गमित्रांच्या पुढे जाते. ग्रीकमध्ये नामांची तीन लिंगं आहेत. इंग्रजीवर वाढलेल्या मुलाला 'टेबल' स्त्रीलिंगी का हे पटवून घ्यायला महिना लागतो; आपण तो दगड, ती खिडकी, ते घर म्हणत मोठे झालो. ग्रीकमधल्या पाच विभक्त्या त्यांना रात्री छळतात. आपण शाळेत प्रथमा ते संबोधन घोकलेलं आहे, आणि आठवी ते दहावी संस्कृत असेल तर क्रियापदांची रूपं पाठ करण्याची सवयही आहे. हिब्रू उजवीकडून डावीकडे, आणि स्वर अक्षराच्या खाली-वर टिंबं-रेघांनी दाखवतात. काना-मात्रा-उकार लिहिणाऱ्या हाताला ते पंधरा दिवसांत अंगवळणी पडतं. केडगावला पंडिता रमाबाईंनी या दोन्ही भाषा शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्या १९२२ मध्ये गेल्या आणि भाषांतर १९२४ मध्ये छापून बाहेर आलं. तेव्हा 'आपल्याला जमायचं नाही' हे मला कुणी सांगू नये. नियम एवढाच, की रोज अर्धा तास. रविवारी एकदम चार तास केल्याने रूपं डोक्यात राहत नाहीत.

मागे पडतो ते निबंधात. आपल्या उपदेशांमध्ये दुसऱ्याचा दृष्टांत, दुसऱ्याचे तीन मुद्दे नाव न घेता वापरायची पद्धत आहे. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. सेमिनरीत ती चोरी ठरते. टर्निटिनसारखी प्रणाली मजकूर तपासते, पहिल्या वेळी शून्य गुण, दुसऱ्या वेळी काढून टाकणं. तळटीप कशी द्यायची ते पहिल्याच आठवड्यात शिका. बहुतेक ठिकाणी टुराबियन किंवा एसबीएल पद्धत असते. एआय वापरायचं की नाही याचा नियम प्रत्येक विषयाच्या माहितीपत्रात असतो, तो वाचा.

निबंधाचा विषय निवडायची मुभा असेल तर घरचा विषय घ्या. चर्च इतिहासाला सगळे जण ल्यूथर घेतात. तुम्ही शरणपूर घ्या. चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकात वसवलेल्या या वस्तीत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकली. त्यांतला जेकब वेनराइट डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या अखेरच्या मोहिमेत सामील झाला, त्यांचं शव इंग्लंडपर्यंत घेऊन गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतल्या दफनाच्या वेळी पेटी धरणाऱ्यांत होता. नाशिकला शिकलेल्या अशाच लोकांनी मोंबासाजवळची फ्रियर टाउन वस्ती उभी करायला हातभार लावला. तुम्ही रोज शरणपूर रोडने ऑफिसला जाता. अमेरिकेतल्या प्राध्यापकाला हे ठाऊक असण्याची शक्यता कमी. उपासनेच्या विषयाला ना. वा. टिळकांची भजनं घ्या, ती आपल्या मंडळीत अजून गायली जातात आणि लक्ष्मीबाईंचं माहेर जलालपूर तर इथून हाकेच्या अंतरावर. असे निबंध गुण मिळवतात, कारण ते दुसऱ्या कुणी लिहिलेले नसतात.

पुस्तकांसाठी सेमिनरीचं ऑनलाइन ग्रंथालय, ओपन अ‍ॅक्सेस डिजिटल थिऑलॉजिकल लायब्ररी आणि इंटरनेट अर्काइव्ह एवढं धरून चाललात तर खरेदी फारशी करावी लागत नाही. मराठी संदर्भांसाठी सार्वजनिक वाचनालय आहे, १८४० चं. पुण्याच्या सेमिनरीच्या ग्रंथालयात बसायचं असेल तर आधी परवानगी घेऊन जा.

प्रत्यक्ष सेवा

बहुतेक पदव्यांत ठराविक तासांची सेवा आणि तिच्यावर देखरेख करणारा स्थानिक मार्गदर्शक मागतात. हे नाव अर्जाच्या वेळीच ठरवा. दर महिन्याला इंग्रजीत अहवाल भरायचा असतो, तेव्हा पाळकांना वेळ नसेल तर निवृत्त मुख्याध्यापकांसारखं मंडळीतलं जाणतं माणूस सेमिनरीला चालेल का ते विचारा. दवाखान्यातल्या भेटी सोप्या. नाशिकरोड कारागृहात जायचं तर रीतसर परवानगी लागते आणि ती तुमच्या सत्राच्या वेळापत्रकाने मिळत नाही, म्हणून तो बेत पहिल्या सत्रात करू नका.

सुरुवात एका विषयाने

पदवीसाठी नाव घालण्याआधी बिगर-पदवी विद्यार्थी म्हणून एकच विषय घेता येतो का ते बघा. बहुतेक ठिकाणी येतो, आणि पुढे पदवीला गेलात तर ते श्रेयांक धरतात. नव्या कराराची ओळख किंवा जुन्या कराराची ओळख घ्या, ग्रीक नको. विषय सोडण्याची तारीख आणि कोणत्या आठवड्यापर्यंत किती टक्के फी परत मिळते, हे दोन आकडे पहिल्या दिवशी भिंतीवर लावा. घरी कुणी आजारी पडलं, बदली झाली, बाळंतपण आलं, तर प्राध्यापकांना दोन ओळींचा ई-मेल करा आणि रजेचा फॉर्म भरा. मुदतवाढ बहुधा मिळते. काही न कळवता हजेरी थांबवली तर फी लागू राहते आणि ट्रान्सक्रिप्टवर 'एफ' उमटतो, आणि पुढच्या प्रत्येक सेमिनरीला तेच ट्रान्सक्रिप्ट पाठवावं लागतं.